ट्यूब बदलल्या, तरी बिल का उतरत नाही?

पुण्याजवळ भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या एका वर्कशॉपच्या मालकांनी मागे मला व्हॉट्सअ‍ॅपवर वीजबिलाचा फोटो पाठवला. आकडा ६५ हजारांच्या आसपास. खाली एकच ओळ होती : "सर, सगळ्या ट्यूब एलईडी केल्या. तरी हे बघा."

त्यांचा वैताग खरा होता आणि हिशेबही सोपा होता. जुनी ट्यूब चोकसकट साधारण ५५ वॅट खाते, एलईडी २० वॅट. वीस ट्यूब बदलल्या म्हणजे ७०० वॅट वाचले. दिवसाला दहा तास धरले तर सात युनिट, महिन्याच्या २५ दिवसांत १७५ युनिट. हिशेबाला बरं म्हणून या लेखात सगळीकडे युनिटला १० रुपये धरतो. म्हणजे बचत १,७५० रुपये. ती झालीच होती, पण ६५ हजारांत कुठे दिसणार? महागाईत पोह्यांवरची कोथिंबीर बंद करून घरखर्च आटोक्यात आणण्यातला प्रकार.

वीस ट्यूबचा खर्च तीन-चार महिन्यांत वसूल होतो, तेव्हा एलईडी लावाच. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. अडचण एवढीच की दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि बहुतेक तिथेच थांबतात. पैसे जातात ते मोटर, कॉम्प्रेसर, फ्रीझर असल्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गोष्टींवर, आणि काही पैसे तर वीज वापरण्याच्या पद्धतीवरच जातात.

बिल वाचायचं कसं

महावितरणच्या बिलाच्या एकूण रकमेखेरीज आपण सहसा काही वाचत नाही. त्यातल्या तीन गोष्टी समजल्या तरी निम्मं काम होतं.

पहिली स्थिर किंवा मागणी आकार. वीज वापरा, न वापरा, तुमच्यासाठी एवढी क्षमता राखून ठेवली आहे त्याचं हे भाडं. मंगल कार्यालय पाचशे माणसांसाठी घेतलं आणि दोनशेच आली, तरी कार्यालयाचं भाडं कमी होत नाही. तीन मशिनं विकून टाकली पण मंजूर भार जुनाच राहिला, अशी वर्कशॉपं मी कितीतरी पाहिली आहेत. भार कमी करायला अर्ज करता येतो. त्याला कुठलंही मशीन विकत घ्यावं लागत नाही.

दुसरी प्रत्यक्ष युनिट, म्हणजे वीज आकार. त्यासोबत वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क हे सगळं चढत जातं. युनिट कमी झाले की यातलं बहुतेक आपोआप उतरतं.

तिसरी वेळ. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले. १० किलोवॅटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार वेगवेगळा दर लावायचा आणि उन्हाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, असं त्यात ठरलं. ज्या टीओडी, म्हणजे 'टाइम ऑफ डे' मीटरवरून एवढी चर्चा चालते, तो हेच मोजतो : किती वापरली यासोबत कधी वापरली.

इथे जुन्या सवयी आड येतात. महाराष्ट्रात कारखान्यांना कितीतरी वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती, म्हणून हीट ट्रीटमेंटची भट्टी, बॅटरी चार्जिंग अशी कामं रात्री लावायची पद्धत पडली. आता सोलरची वीज दिवसा भरपूर येते, त्यामुळे स्वस्ताईचा वेळ दुपारकडे सरकतो आहे आणि संध्याकाळ महाग होते आहे. नेमके तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. ते चालू दरपत्रकात बघून घ्या आणि जे काम केव्हाही चालतं तेवढं सरकवा. ज्या गिऱ्हाईकाला संध्याकाळी सातलाच पाव लागतो, त्याच्यासाठी भट्टी दुपारी लावून उपयोग नाही हेही खरंच.

रसाचा ग्लास आणि बर्फ

आता त्या भोसरीच्या बिलाकडे परत. वापरलेली वीज होती पाच हजार युनिट. पैसे लागले होते सव्वासहा हजार युनिटचे. हे वरचे साडेबाराशे आले कुठून?

रसवंतीत ग्लास भरून मिळतो, पण त्यात बर्फ किती आणि रस किती? पैसे पूर्ण ग्लासाचे. जाणता पुणेकर आधीच सांगतो, "बिगर बर्फ." विजेतही असंच असतं. मोटर फिरायला लागणारी खरी वीज म्हणजे रस. मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र तयार होण्यासाठी जी वीज नुसतीच ये-जा करते, काम काहीच करत नाही, ती म्हणजे बर्फ. पूर्ण ग्लासात रस किती, या प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. वायरमन त्याला नुसतं 'पीएफ' म्हणतात. पीएफ ०.८० म्हणजे शंभरातला ८० रस.

महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून २० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक जोडण्यांना ग्लासाच्या मापाने, म्हणजे केव्हीएएच या एककात बिल येतं. पाच हजार भागिले ०.८० केलं की ६,२५० होतात. पीएफ ०.९८ वर नेला तर तेच ५,१०० च्या आसपास येतात. महिन्याला साडेअकरा हजार रुपयांचा फरक, आणि उत्पादनात एका नटाचाही फरक नाही.

हा बर्फ बाहेरून मागवण्याऐवजी जागेवरच तयार करणारा भाग म्हणजे कपॅसिटर. त्या वर्कशॉपमध्ये पॅनेल आधीपासून होतं. उघडलं तर पाच केव्हीएआरचे (हे बर्फाचं माप) तीन कपॅसिटर, त्यातले दोन डब्यासारखे फुगलेले आणि कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारा रिले मॅन्युअलवर. कोणी केला, कधी केला, कोणालाच माहीत नाही. आत पालीचं अंडं होतं, म्हणजे बराच काळ ते दार उघडलंच नव्हतं. दोन कपॅसिटर आणि एक काँटॅक्टर (कपॅसिटर जोडणारा स्विच) बदलून काम झालं. खर्च पहिल्याच महिन्यात निघाला.

दोन सावधगिरी. कपॅसिटर रात्रंदिवस जोडून ठेवला आणि मशिनं बंद असली, तर पीएफ उलट्या बाजूला जातो आणि त्याचेही पैसे लागतात. म्हणून लोड बघून आपोआप आत-बाहेर होणारं पॅनेल हवं. आणि वर्षातून दोनदा क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक कपॅसिटर करंट घेतो का बघायचं. मेलेला कपॅसिटर बाहेरून पुष्कळदा चांगला दिसतो.

मग प्लगमध्ये लावायचा तो 'पॉवर सेव्हर' डबा?

प्रदर्शनांच्या स्टॉलवर आणि फोनवरच्या जाहिरातींत हा डबा मिळतो. "प्लगमध्ये लावा, बिल ३० टक्के कमी." आत एक लहानसा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. विक्रेता अँपिअर मीटर लावून करंट उतरलेला दाखवतो, आणि तो खरंच उतरतो, कारण बर्फ कमी झालेला असतो. पण घराला आणि छोट्या दुकानाला बिल फक्त रसाचं येतं! बर्फाचे पैसे तुम्ही कधी भरतच नव्हता. तेव्हा तो हिरवा दिवा जळतो तेवढं बिल वाढतं, इतकंच.

हवा फुकट नसते

आता ज्याच्यावर मला खरं बोलायचं आहे तो विषय. वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात ढणढणणारा कॉम्प्रेसर.

हवेला कोणी खर्चात धरत नाही. डिझेल सांडलं तर आरडाओरडा होतो, पाणी गळालं तर दिसतं, हवा गळते ती दिसतही नाही आणि वासही येत नाही. पण कॉम्प्रेसरला दिलेल्या शंभर रुपयांच्या विजेतले ८० ते ९० रुपये उष्णता होऊन उडून जातात. उरलेली दाबाची हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि आपण ती केर झाडायला वापरतो.

सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल, तर त्यातून जाणारी हवा तयार करायला साधारण तीन किलोवॅट लागतात. दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस : नऊ हजार युनिट, ९० हजार रुपये. एका भोकाचे! दीड मिलिमीटरचं, म्हणजे उदबत्तीच्या काडीएवढं भोकही वर्षाला २०–२५ हजारांना पडतं. प्रत्यक्षात एकच मोठं भोक क्वचित सापडतं. पुश फिटिंगमध्ये नीट न बसलेला पीयू पाइप, झिजलेला कपलर, एअर गनचा गळका ट्रिगर, एफआरएलच्या (हवा गाळून दाब सांभाळणाऱ्या भागाच्या) वाटीचा ड्रेन अशी दहा-बारा लहान ठिकाणं मिळून तेवढी बेरीज होते.

गळती मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं. सगळी मशिनं बंद, कोणी हवा वापरत नाही, आणि कॉम्प्रेसर मात्र चालू. खरं तर दाब भरल्यावर त्याने गप्प बसायला हवं. तरी तो मधूनमधून लोड घेतो, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतो, कारण हवा कुठेतरी जाते आहे. लोडवर किती वेळ राहिला आणि अनलोडवर, म्हणजे हवा न भरता, किती वेळ, ते लिहा. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड असेल, तर आठातली दोन म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळती खाते आहे.

यावर पुष्कळ जण एक उलटा उपाय करतात. शेवटच्या मशीनला दाब पुरत नाही म्हणून कॉम्प्रेसरचं सेटिंग सातवरून आठ बारवर नेतात. सोसायटीत नळ गळतात म्हणून पाणी पुरत नाही, आणि त्यावर तोडगा म्हणून टाकी आणखी एक मजला वर चढवायची, तसं हे. दाब वाढला की गळतीही वाढते आणि दर बारमागे वीज सहा-सात टक्के जास्त लागते. आधी गळती बंद करा, मग एकेक पाव बारने दाब खाली आणत जा. कोणी तक्रार केली की तिथे थांबा.

एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पोरं एअर गन शर्टाच्या आत मारून घेतात. हे धोक्याचं आहेच, जखमेतून हवा आत गेली तर जीवावर बेतू शकतं. आणि एवढा महाग वारा कुठल्या पंचतारांकित हॉटेलातही मिळत नसेल. त्यांना ओरडण्याआधी प्रत्येक मशीनपाशी एक पंखा द्या. बीएलडीसी मोटरचा छताचा पंखा तीसेक वॅटमध्ये फिरतो, जुना ७० ते ८० घेतो.

आणि कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला गार जागा द्या. भिंतीला चिकटवून, बंद खोलीत ठेवला की तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. आत येणारी हवा चार अंशांनी तापली की वीज एक टक्का जास्त लागते. एक एक्झॉस्ट किंवा डक्ट बाहेर काढलं की पुरतं.

मोटर : घ्यायला हजारांत, चालवायला लाखांत

पेठेतली पिठाची गिरणी घ्या. १० एचपीची म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर, जुनी, दोन-तीनदा रिवाइंड केलेली (जळाल्यावर आतली तार पुन्हा गुंडाळलेली). तिची कार्यक्षमता ८५ टक्के धरू. म्हणजे पूर्ण भारावर ती ८.८ किलोवॅट ओढते. वर्षाला तीन हजार तास चालली तर साधारण २६,५०० युनिट, दोन लाख ६५ हजार रुपये. नवी मोटर चाळीस हजारांच्या आसपास धरली, तर जुनी मोटर दर दोन महिन्यांना स्वतःच्या किमतीएवढी वीज खाते.

मोटरच्या पाटीवर आयई-२, आयई-३ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तेवढी मोटर काटकसरी. या मापाची आयई-३ मोटर ९०.४ टक्क्यांची असते. फरक पाच-साडेपाच टक्के, म्हणजे वर्षाला १५–१६ हजार रुपये. चाळीस हजारांना भागलं की अडीच वर्षं. खर्च भागिले वर्षाची बचत, याला परतफेडीचा काळ म्हणतात. कुठल्याही सुधारणेला हे एक गणित लावा.

पण गिरणी दिवसभर पूर्ण भारावर कुठे चालते? डबा आला की चालते, मधल्या वेळात रिकामी फिरते. अशा ठिकाणी बचत निम्मी होते आणि परतफेड पाच वर्षांवर जाते. म्हणून माझा सल्ला विक्रेत्यांना आवडत नाही : ठणठणीत चालणारी मोटर काढून फेकू नका. ती जळेल तेव्हा मात्र रिवाइंडिंगला टाकू नका. तेव्हा रिवाइंडिंगचे पैसे वाचतात, त्यामुळे नव्या मोटरचा हिशेब लगेच जमतो. तोवर पट्टा बघा. सैल पट्टा घसरतो आणि गरम होतो, ती ऊब विजेचीच असते. आणि दोन डब्यांच्या मध्ये दहा मिनिटांचं अंतर असेल तर मोटर बंद करा.

पंखा, ब्लोअर, पाण्याचा पंप यांची गोष्ट वेगळी आहे. यांचा वेग २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी लागते. वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला व्हीएफडी किंवा बोलीभाषेत 'ड्राइव्ह' म्हणतात. डँपर (हवेची झडप) अर्धा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवणं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि वेग ब्रेकने सांभाळायचा. जिथे गरज बदलत राहते तिथे ड्राइव्ह लावा. एकाच वेगाने, पूर्ण भारावर चालणाऱ्या मोटरला लावलात तर पैसे वाया जातील.

वर्कशॉप नाही, दुकान आहे

डेअरी, आइस्क्रीम, मिठाईवाल्यांचं बिल डीप फ्रीझरमध्ये असतं. दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट धरून दार लावा. नोट सहज सरकली तर थंडावा रात्रभर बाहेर जातो. मागची जाळी धुळीने भरली असेल तर ब्रशने झाडा. फ्रीझर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि शटरच्या तोंडाशी उन्हात ठेवू नका. एसी २४ वर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते एका अंशाने तापमान वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. नवा फ्रीझर किंवा कंपनीकडून मिळणारा 'फुकटचा' काचेच्या दाराचा कूलर घेताना तो दिवसाला किती युनिट खातो, तेही विचारून घ्या.

"त्यापेक्षा सोलर लावतो ना!"

लावा, पण नंतर. आधी गळती बंद केलीत तर दहा किलोवॅटऐवजी आठचा सोलर पुरेल. गळक्या पिंपासाठी मोठा नळ घेण्यात अर्थ नाही. शिवाय सोलरने पीएफ सुधारत नाही, उलट बिघडलेला दिसू शकतो : ग्रिडकडून घेतलेला रस कमी होतो आणि बर्फ तेवढाच राहतो. सोलर लावल्यावर केव्हीएएचचा आकडा बघून गोंधळलेले मालक मला भेटले आहेत.

"पैसे कुठून आणू? आणि जागा भाड्याची आहे"

वर सांगितलेल्यातलं बरंच काही हजारांत होतं, लाखांत नाही. गळती शोधायला साबणाचं पाणी, दोन फिटिंग, मंजूर भाराचा अर्ज, कपॅसिटर. जागा भाड्याची असली तरी कॉम्प्रेसर आणि मोटर तुमचीच असते. कपॅसिटर पॅनेलही चार बोल्ट काढून नव्या जागेत नेता येतं. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत चक्कर मारली की सुटा माल मिळतो. फक्त कपॅसिटरमध्ये सगळ्यात स्वस्ताच्या मागे लागू नका, फुगतात ते तेच.

मोठं काम असेल, म्हणजे भट्टी, कॉम्प्रेसर, बरीच यंत्रं बदलायची असतील, तर केंद्राने २०२५ मध्ये 'अदिती' नावाची योजना सुरू केली आहे. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के सवलत मिळते. फाउंड्री, फोर्जिंग, अन्नप्रक्रिया अशी ठरावीक क्षेत्रं त्यात आहेत. राज्याच्या महाऊर्जा संस्थेचं कार्यालय आपल्याच पुण्यात, औंध रस्त्यावर आहे. ऊर्जा लेखापरीक्षणाविषयी तिथे विचारता येतं. लेखापरीक्षण म्हणजे घाबरायचं काही नाही, वीज कुठे जाते त्याची जमाखर्चाची वही.

"माणसं लक्ष देत नाहीत हो"

ही तक्रार मला दर ठिकाणी ऐकू येते. माणसांना ६५ हजारांचं बिल दाखवून काही होत नाही, कारण त्यातलं त्यांच्या हातात काय आहे ते कळत नाही. कॉम्प्रेसरचा वेगळा सबमीटर लावा आणि रोजचे युनिट फळ्यावर खडूने लिहा. आकडा अचानक चढला की कोणीतरी आपणहून विचारतं.

भोसरीच्या त्या मालकांना मी गुरुवारी बोलावलं, कारण तिकडे सुट्टी गुरुवारची. शेड रिकामी, फक्त कॉम्प्रेसर चालू. ते आत आले आणि दारातच थांबले. एरवी मशिनांच्या आवाजात न ऐकू येणारी फुसफुस सगळ्या शेडमधून येत होती, पाऊस सुरू होताना पत्र्यावर येते तशी. "एवढी?" म्हणाले.

सोबत आलेल्या पोराने बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी भरलं आणि फिटिंगवर मारत सुटला. जिथे बुडबुडे, तिथे खडूची फुली. तासाभरात सतरा फुल्या झाल्या. सगळ्यात मोठे बुडबुडे आले ते एका बंद पडलेल्या ड्रिलिंग मशीनच्या लाइनवर. ते मशीन दीड वर्षं कोणी चालवलं नव्हतं. हवा मात्र रोज जात होती. त्याच्या मागचा बॉलव्हॉल्व्ह मालकांनी स्वतः फिरवून बंद केला, घड्याळ काढलं, आणि कॉम्प्रेसर पुन्हा कधी लोड घेतो ते बघत उभे राहिले.